पेटीची जागल

(वसंत व्याख्यानमालेत मलकापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



माझा विषय पत्रिकेत छापून आल्यावर एका श्रोत्यानं मला फोनवर विचारलं, "सर, वसंत व्याख्यानमालेत काडतुसं कायले आणता?" मी म्हटलं, "मी आणत नाही हो. तुमच्या घरी आहेत ती नीट ठेवा, एवढंच सांगायला येतोय."

गेल्या वर्षी मी या भागात एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मुक्कामी होतो. मका हुरड्यावर आला होता. रोही आणि रानडुकरांच्या धास्तीनं घरातलं कुणी ना कुणी रोज रात्री शेतात जागलीला जायचं. भिंतीवर वडिलांच्या वेळची बंदूक टांगलेली. परवाना नूतनीकरण केलेला, सगळं कायदेशीर. मी सहज विचारलं, "काडतुसं कुठं ठेवता?"

"कपाटात. कुलूप असते."

"आणि किल्ली?"

"कपाटावर."

तेवढ्यात आठ-नऊ वर्षांचा नातू मध्येच म्हणाला, "नाही आबा, किल्ली आता देवाच्या फोटोमागं असते." आबा हसले, सून हसली, मीही हसलो. रात्री मात्र झोप आली नाही. पिकाची जागल करायला माणूस दोन मैल चालत जात होता आणि पेटीची जागल करायला घरात कुणीच नव्हतं.

मी इतिहास शिकवणारा माणूस. अडलं की जुन्या कागदांकडे जातो. हे मलकापूरही जुनंच. गॅझेटियर सांगतं की खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या एका राजपुत्रानं ते वसवलं आणि मलिकेच्या, म्हणजे आपल्या लेकीच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. १७६१ साली राघोबादादांच्या फौजेनं लुटू नये म्हणून या गावानं पैसे मोजले. फौजा इथून जात-येत राहिल्या, त्यामुळे हत्याराचं नवल इथं कुणालाच नाही. नवल नसलं की धाकही उरत नाही.

तर जुना कागद. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र', साधारण १७१५ सालचं. त्यातल्या दुर्गांच्या प्रकरणात पंतांनी दारूखान्यासाठी काही ओळी खर्ची घातल्या आहेत. त्यांचा मतलब माझ्या शब्दांत सांगतो. दारूखाना राहत्या घराजवळ नको, सदरेपासून अंतरावर हवा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण हवं. खाली चुनेगच्ची तळघर, त्यात माच, आणि माचावर दारूची मडकी. बाण आणि हातानं फेकायचे दारूचे हुक्के त्यांच्यात मिसळायचे नाहीत, ते वेगळे ठेवायचे. सर्दी लागू द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः यायचं, माल बाहेर काढून ऊन द्यायचं आणि पुन्हा शिक्कामोर्तब करून ठेवायचं. रात्रंदिवस जागता पहारा ठेवायचा आणि परवानगीवाचून कुणाला आसपास फिरकू द्यायचं नाही.

तीनशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आहे. यातून पाच गोष्टी निघतात: अंतर, वेगळेपण, कोरडेपणा, ठरावीक दिवसांची तपासणी, आणि कुणाला हात लावू द्यायचा याची मर्यादा. पंतांचा भर कुलपापेक्षा माणसावर आहे. कोण येईल, किती दिवसांनी येईल आणि येऊन काय करील, हे त्यांनी ठरवून दिलं.

आता आजचा कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळू शकते, ही तरतूद त्यातच आहे. त्यावर पुढं २०१६ चे शस्त्र नियम आले. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. वरातीत आनंदाच्या भरात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याच्या अर्जात एक साधा प्रश्न असतो: शस्त्र आणि दारूगोळा ठेवायला तुमच्याकडे सुरक्षित जागा आहे का? आपण सगळे तिथं 'होय' लिहितो. आजचं माझं भाषण त्या एका 'होय'वर आहे.

पहिली गोष्ट, अंतर आणि वेगळेपण. बंदूक एका जागी, काडतुसं दुसऱ्या जागी, दोन्हीकडे कुलूप आणि दोन वेगळ्या किल्ल्या. घरात ठेवायची बंदूक रिकामी असलीच पाहिजे. नळी कुणाकडेही न रोखता ती उघडायची, डोळ्यांनी पाहायचं, मग बोटानं चाचपायचं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. रिव्हॉल्वर परवान्याचं, घर स्वतःचं, वैरी कुणी नाही. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. सुरक्षित ठेवायला जातानाच अपघात झाला. रिकामं असतं, तर फरशीचा एखादा टवका उडाला असता.

वेगळेपणाचा आणखी एक अर्थ जुन्या शिकाऱ्यांना ठाऊक असतो. वेगवेगळ्या बोअरची काडतुसं एका डब्यात टाकू नयेत. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढं अडकतं. वरून नळी रिकामी वाटते. मग मागून बारा बोअरचं भरून चाप ओढला की नळी फुटते, आणि ती धरणाऱ्याच्याच हातात फुटते.

दुसरी गोष्ट, कोरडेपणा. पंतांनी ऊन द्यायला सांगितलंय, पण ते मडक्यातल्या उघड्या दारूसाठी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, पापड, शेवया सगळं उन्हात पडतं. त्या ओळीत काडतुसं मांडू नका. आजचं काडतूस बंदिस्त असतं. त्याला थंड, कोरडी जागा आणि त्याचं मूळ खोकं पुरे. पत्र्याखालचा माळा नको, चुलीजवळची फळी नको, गॅसची टाकी, रॉकेल आणि कडबा यांची शेजारसोबत नको. आगीत सुटं काडतूस फुटलं तर कवचाचे तुकडे उडून इजा करतात. भरलेली बंदूक आगीत सापडली तर ती खरोखरच गोळी झाडते. विझवायला आलेल्या माणसाला ती कशी ओळखू येणार?

दारूसुद्धा म्हातारी होते. इथून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर पुलगाव लागतं. तिथल्या लष्करी दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १९ जणांचे प्राण गेले. पहारा होता, शिस्त होती, नियम होते. तरी रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेल्या स्फोटकाकडे चौकशीत बोट दाखवलं गेलं. तुमच्या घरातल्या दहा काडतुसांची त्या कोठाराशी तुलना नाही. पण जुना माल आपोआप निरुपद्रवी होतो, हा समज तेवढा सोडा. हिरवं चढलेलं, फुगलेलं, भिजलेलं काडतूस विहिरीत टाकायचं नाही, उकिरड्यावर नाही, होळीत तर नाहीच. ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात द्यायचं.

तिसरी गोष्ट, तपासणी. इथं मी मुद्दाम दूरचं उदाहरण देतो. २००५ साली अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. बंदूक रिकामी ठेवणं, बंदुकीला कुलूप, काडतुसांना कुलूप आणि दोन्ही वेगळं ठेवणं, या चारपैकी प्रत्येक सवयीचा संबंध मुलांना कमी इजा होण्याशी दिसला. हे ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, कुलूप लावलं की मिटलं.

तर दुसरं उदाहरण ऐका. श्रीलंकेत १८० खेड्यांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघर कीटकनाशकं ठेवायला कुलपाच्या पेट्या दिल्या. विष पिण्याचं प्रमाण घटेल अशी आशा होती. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: घटलं नाही. पेट्या होत्या, पण दिवस जातील तशी कुलपं लागेनाशी झाली. म्हणून नुसतं कुलूप पुरत नाही, ते लागतंय का हे पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. आपल्या वऱ्हाडात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फवारणीचा डबा कुठं असतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून एक विनंती करतो. घरात कुणाचं मन खचलं असेल, कर्ज, आजार, भांडण, काहीही असो, तेवढ्या दिवसांपुरती बंदूक आणि काडतुसं घराबाहेर जाऊ द्या. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात रीतसर जमा करता येतात. आणि त्या माणसाजवळ बसा. काही घटका अशा असतात की त्या टळल्या की माणूस वाचतो.

चौथी गोष्ट वारसाची. म्हातारा जातो, तेरावं होतं, आणि सहा महिन्यांनी ट्रंकेत जुनी काडतुसं सापडतात. परवाना त्याच्या नावाचा होता, तुमच्या नव्हे. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. दडवू नका, वाटू नका, आठवण म्हणून शोकेसमध्ये मांडू नका. लगेच ठाण्यात कळवा आणि जमा करून पावती घ्या. पुढं वारसाला परवाना मागता येतो.

आणि एक गोष्ट परवान्यातच न बसणारी. डुकरांसाठी कणकेत लपवलेले गावठी बॉम्ब. ते घरात, गोठ्यात, बांधावर ठेवले जातात. डुक्कर येतं की नाही कोण जाणे, पण चरायला गेलेली गाय त्याला तोंड लावते, गुराख्याचं पोर चेंडू समजून उचलतं. तो प्रकार सरळ बेकायदा आहे आणि त्याला सुरक्षित जागा जगात कुठंही नाही. पीक नासतं हे दुःख खरं. त्याचा मार्ग पंचनामा, नुकसानभरपाई आणि वनखात्याची लेखी परवानगी हाच आहे. हातात बंदुकीचा परवाना आहे म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

शेवटी पुन्हा पंतांच्या हवालदाराकडे. गडावर तो नेमलेला असे, म्हणून माल राही. तुमच्या घरातला हवालदार कोण? एकच नाव ठरवा. किल्ली त्याच्याच अंगावर. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला त्यानं पेटी उघडायची, काडतुसं मोजायची, वहीत तारीख आणि आकडा लिहायचा आणि पुन्हा कुलूप लावायचं. पाच मिनिटांचं काम. पंतांचे आठ-पंधरा दिवस आपल्या पंचांगात असेच बसतात.

त्या आबांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "वही घातली, सर. पहिल्याच पुनवेला दोन काडतुसं कमी भरली." माझ्या पोटात गोळा आला. मग ते म्हणाले, "जुन्या कोटाच्या खिशात सापडली. तो कोट घालून पोरगं आरशासमोर शिकारी-शिकारी खेळत होतं."

वही नसती, तर ती दोन कमी आहेत हे कुणाला कधी कळलं असतं?