शेकाने कॅन्सर पसरतो का? मामांचे 3 खाडे आणि एक फॉरवर्ड

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज मामांबद्दल बोलायचंय.

2024 चा उन्हाळा. मामा कन्नडला असतात. पंचवीस वर्षं गुटखा, मग गालाच्या आत जखम, मग ऑपरेशन, आणि त्यानंतर रेडिएशन. आमच्याकडे त्याला 'शेक' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे 30 शेक, इथे आमखास मैदानाजवळच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलात. सकाळची एसटी धरून यायचे. 18 झाले आणि मामा यायचेच थांबले. मामीचा फोन आला, "ते म्हणतात शेकानं कॅन्सर अंगभर पसरतो. मोबाईलवर आलंय, टाटाच्या डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे."

मी तो फॉरवर्ड मागवला. ते सगळं खोटं असतं तर बरं झालं असतं, एका वाक्यात उडवलं असतं. पण त्यात थोडं खरं होतं.

फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाची बातमी आली होती, '100 रुपयांची गोळी' म्हणून. आठवत असेल. डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट यावर बरीच वर्षं काम करतोय. त्यांचं म्हणणं असं की किमोने किंवा रेडिएशनने कॅन्सरची पेशी मरते तेव्हा तिच्या डीएनएचे बारीक तुकडे बाहेर पडतात, रक्तातून फिरतात, निरोगी पेशींत घुसून तिथेही बिघाड करू शकतात. रेझवेरॅट्रॉल आणि तांबं यांची गोळी हे तुकडे निकामी करते. पण कॅन्सर परत येणं त्याने थांबतं का, हे उंदरांवर पाहिलेलं. माणसांवरच्या चाचण्यांना साधारण पाच वर्षं लागतील, हेही बातमीतच होतं. आणि शेक घेऊ नका असं तिथे कुणीच म्हटलं नव्हतं. फॉरवर्ड करणाऱ्याने नेमकं एवढंच गाळलं.

आता माणसांचा डेटा बघा. 2011 साली स्तनाच्या कॅन्सरच्या 17 चाचण्या, 10,801 बायका, एकत्र तपासल्या गेल्या. सगळ्यांची गाठ काढलेली, स्तन ठेवलेला. शेक न घेतलेल्यांत 10 वर्षांत 35 टक्के जणींचा कॅन्सर परत आला, घेतलेल्यांत 19.3 टक्के. 15 वर्षांत त्या कॅन्सरने झालेले मृत्यू 25.2 वरून 21.4 टक्क्यांवर आले. शेकाने रोग पसरत असता तर हे आकडे उलटे आले असते ना?

उलट धोका खाड्यात आहे. शेक पेशीचा डीएनए तोडतो. ती विभागायला गेली की मरते. रोज थोडाच देतात, कारण निरोगी पेशी रात्रीतून बऱ्यापैकी दुरुस्त होतात. पण मध्ये सुट्टी पडली की उरलेल्या कॅन्सरपेशी वेगाने वाढायला लागतात. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला, तर जादा दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण 1 टक्क्याने घटते. मामांचे 3 खाडे झाले होते.

मी बाईक काढली, कन्नड गाठलं. हे सगळे आकडे पाठ करून गेलो होतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाच्या, तोंडात निस्ती आग होते रे. पाणीसुद्धा गिळवत नाही."

म्हणजे फॉरवर्ड हा नुसता बहाणा होता! तोंड सोलून निघालं होतं, आणि डॉक्टरांना सांगायला लाज वाटत होती, ते म्हणतील एवढंही सोसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आलो. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध आणि गुळण्यांचं पाणी दिलं, पातळ खाणं कसं द्यायचं ते मामीला समजावलं, आणि खाडे भरून काढायला शनिवारचेही शेक लावले.

30वा शेक झाला त्या दिवशी मामांनी स्टँडवर उसाचा रस मागितला. बर्फ न घालता. अर्धा ग्लास प्यायला त्यांना वीस मिनिटं लागली, आणि कन्नडची गाडी गेली निघून.