सर, फळ्यावरचं मोठ्यानं वाचा

उरण भागातल्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि एका ताईंनी कर्जाची मागणी ठेवली. मुलगी बारावी पास झालेली. तिची नजर जन्मापासून कमी, पुस्तक नाकाशी धरल्याशिवाय अक्षर लागत नाही. ताई म्हणाल्या, "२०२४ पासून उरणहून लोकल सुटते, जाण्यायेण्याची काळजी मिटली. पण वर्गात बसून तिला दिसणार काय? फी भरायची आणि पोरीनं नुसतं बाकावर बसून यायचं, त्यापेक्षा शिलाई मशीन घेते." म्हणजे अर्ज होता शिलाई मशीनचा!

शिलाई मशीन वाईट नाही. आपल्या कितीतरी घरांचं भाडं त्यावर निघतं. पण बारीक दिसत नाही अशा मुलीला सुईत दोरा ओवायला बसवायचं, हे काही मला पटलं नाही. म्हणून आज कॉलेजातल्या शिकवण्यावर बोलते. ज्यांची मुलं धडधाकट आहेत त्यांनीही ऐका, तुमच्याही कामाचं आहे.

आधी कायदा, थोडक्यात. २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत. त्यात कमी दृष्टी आहे, ऐकू न येणं आहे, वाचता-लिहिताना अक्षरं उलटसुलट होणारी अध्ययन अक्षमता आहे, सिकलसेल आणि थॅलेसेमियासुद्धा आहेत. सिकलसेलचं मुद्दाम सांगते, कारण आदिवासी पाड्यांवर हा आजार असलेल्या घरांना तो या कायद्यात येतो हे माहीतच नसतं. ज्याचं दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त आहे, त्याच्यासाठी सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान पाच टक्के जागा राखीव असतात. प्रवेशाच्या वयातही पाच वर्षांची सूट मिळते. शिक्षण मधेच सुटलेल्या मुलीला ही सूट फार उपयोगी आहे.

पण प्रवेश मिळणं ही अर्धीच गोष्ट. खरी अडचण वर्गात सुरू होते. सर फळ्यावर आकडे लिहितात आणि म्हणतात, "हे इथून वजा केलं की हे उरलं." आता 'हे' म्हणजे काय, ते मागच्या बाकावरच्या मुलीला कसं कळावं? तेच सरांनी "बाराशेतून साडेतीनशे वजा केले, साडेआठशे उरले" असं म्हटलं, तर न दिसणाऱ्या मुलीला कळेल. वहीत उतरवायला मागे पडलेल्याला कळेल आणि खांबाआड बसलेल्यालाही कळेल. पैसा एक लागला नाही. सवय तेवढी बदलायची.

ऐकू कमी येणाऱ्या मुलाची अडचण उलटी असते. तो ओठांकडे बघून शब्द पकडतो. सर फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याचा तास तिथंच संपला. लिहून व्हावं, मग वळून बोलावं, एवढंच मागणं आहे. मोठ्या वर्गात माइक असेल तर तो कपाटात न ठेवता वापरावा. चालायला त्रास असलेल्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा. लिफ्ट असते, पण तिच्या किल्लीसाठी शिपायाला शोधत फिरावं लागत असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

आता नोट्सचं. आजकाल सर वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती चालू केली की फोन पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. पैसे लागत नाहीत, सेटिंगमध्ये सापडते. पण ती टाइप केलेलं अक्षर नीट वाचते. हातानं लिहिलेल्या पानाचा वाकडा, अंधारा फोटो तिच्यापुढे ठेवला, तर तिचा काही उपयोग होत नाही. सरांनी त्याच नोट्स टाइप करून पाठवल्या की मुलगी घरी बसून ऐकू शकते. आणि ज्या बाईची सून भाकरी थापता थापता बीएचा अभ्यास करते, तीही ऐकू शकते. ताई, एका मुलीसाठी केलेली सोय अशी चार जणींच्या कामाला येते. उंबऱ्याशी उतार केला तर चाकाची खुर्ची जाते, तशी पाण्याचा ड्रम ठेवलेली ढकलगाडीही जाते.

पुस्तकांचंही तसंच. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरात किंवा आवाजात करायला आता प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र केंद्र चालतं. तिथं संगणकावर पुस्तकं ऐकून मुलं पदव्या घेतात. एका कॉलेजला वीस वर्षांपूर्वी जमलं, तर बाकीच्यांनी "आमच्याकडे सोय नाही" एवढंच सांगून मोकळं होऊ नये, असं माझं मत आहे.

परीक्षेबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. हातानं लिहिता येत नाही किंवा दिसत नाही अशा विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. तो सांगतो आणि लेखनिक लिहितो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्या असं म्हटलं आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक कोण असावा याचे नियम परीक्षेप्रमाणे बदलतात, म्हणून ते कॉलेजकडून लेखी घ्या. आणि पेपरच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका.

इथं एक निकाल सांगते. विकास कुमार नावाचे एक डॉक्टर यूपीएससीच्या परीक्षेला बसले होते. लिहायला लागलं की त्यांचा हात आखडायचा. तुमचं दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून लेखनिक मिळणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयानं सांगितलं की लिहिण्याची खरी अडचण असेल, तर चाळीस टक्के नाहीत एवढ्यावरून लेखनिक नाकारता येत नाही. राखीव जागेसाठी चाळीस टक्क्यांची अट आहेच. पण शिकताना आणि परीक्षेत जी वाजवी सोय लागते, तिला ती अट लावायची नाही. कॉलेजच्या खिडकीवर हा फरक सांगावा लागतो, कारण खिडकीपलीकडच्या माणसालाही तो ठाऊक असतोच असं नाही.

भाषेचा प्रश्न कायद्याच्या एकवीस प्रकारांत येत नाही, पण आपल्या मुलींना तोच आधी अडवतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी कॉमर्सला गेली की पहिल्या दिवशी डेबिट, क्रेडिट, डेप्रिसिएशन कानावर येतं आणि ती गप्प होते. पुढे तीन महिने गप्पच राहते, आणि दिवाळीनंतर जातच नाही. सरांनी "डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, वापरून वापरून वस्तूची किंमत कमी होणं" एवढं एकदा म्हटलं तरी तिला धागा सापडतो. आपल्या गटात पिठाची चक्की घेतली होती तेव्हा घसारा आपण सगळ्या शिकलोच की. कोणत्या विषयाची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, हे प्रवेश घेतानाच विचारा.

मग करायचं काय? कॉलेजात समान संधी केंद्र असतं. काही ठिकाणी नुसती पाटी असते, पण त्याचं काम बघणारे एक प्राध्यापक नेमलेले असतात. त्यांना भेटा. अर्ज साधा लिहा: मुलीला काय दिसत नाही, काय केलं म्हणजे जमेल, कोणत्या विषयात. "सहकार्य करावे" असं मोघम लिहू नका. "फळ्यावरचं वाचून दाखवावे, नोट्स टाइप करून द्याव्यात, पहिल्या बाकावर जागा द्यावी" असं लिहा. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का-सही घ्या. एकटीला जायला बिचकायला होत असेल, तर गटातल्या दोघी सोबत जा. बँकेत जातो तसंच.

सल्ला हवा असेल तर वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, बौद्धिक दिव्यांगत्वासाठी खारघरला राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. कॉलेजनं दाद दिली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्याला आहे, तिथं तक्रार जाते. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे महिलांना आणि दिव्यांगांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

राहिलं प्रमाणपत्र. ते जिल्हा रुग्णालयात तपासणीनंतर मिळतं आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. रायगडच्या बायकांना अलिबाग गाठावं लागतं, एका फेरीत काम होईलच याची खात्री नसते. त्यामुळे निकालाची वाट बघत बसू नका, मुलगी अकरावीत असतानाच कागद काढायला घ्या. आधार कार्ड, फोटो, जुने दवाखान्याचे कागद, चष्म्याची चिठ्ठी एका पिशवीत घालून ठेवा. तपासणीचा वार कोणता, ते निघायच्या आधी फोन करून विचारा.