घरचा झेंडू आणि मुलाची वही

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत झेंडूचे नाव पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वाचन, गणित व पटावरील उपस्थिती हे प्रश्न समोर उभे असताना एका फुलझाडास अर्धा तास कशासाठी द्यावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मी ओघात देईन. आरंभी एवढेच सांगतो की, मला झाडाइतकेच ते झाड वाढविणाऱ्या मुलाविषयी बोलावयाचे आहे.

शाळाभेटीस गेलो असता अनेक ठिकाणी दाराशी झेंडूच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या दिसतात. फुले टवटवीत असतात. मुलांना विचारावे, "ही रोपे कोणी लावली?" तर मुले एकमेकांकडे पाहतात. रोपे बाजारातून आणलेली असतात आणि पाणी घालण्याचे काम बहुधा पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंकडे असते. शाळेची शोभा त्याने वाढते, यात शंका नाही. परंतु मुलांच्या शिक्षणात त्या कुंड्यांचा वाटा फारच थोडा असतो. चाळीस मुलांचे मिळून जे झाड असते, ते कोणा एकाचे नसते. रविवारी ते तहानलेले राहते आणि दिवाळीच्या सुटीत वाळून जाते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाने आपल्या घरी झेंडूचे एक झाड बियांपासून वाढवावे, त्याची नोंद आपल्या वहीत ठेवावी आणि शेवटी त्याच झाडाचे बी धरावे. या कामी झेंडूइतके सोयीचे झाड दुसरे नाही. त्याचे बी मुलाच्या चिमटीत धरता येते. ते पाच ते सात दिवसांत उगवते, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. सुमारे तीन महिन्यांत ते फुलावर येते; म्हणजे एका सत्रात त्याचा जीवनक्रम मुलास बव्हंशी पाहावयास मिळतो. शिवाय दसऱ्याचे तोरण ज्याने पाहिले नाही, असे मूल आपल्या शाळांत सापडणार नाही.

या ओळखीच्या फुलाची कुळकथाही मुलांना सांगण्यासारखी आहे. आपण ज्यास आफ्रिकन झेंडू म्हणतो तो उंच, मोठ्या फुलांचा आणि ज्यास फ्रेंच झेंडू म्हणतो तो बुटका, लहान फुलांचा. यालाच काही भागांत मखमल असेही नाव आहे. नावे काहीही असली, तरी दोहोंचे मूळ स्थान मेक्सिको व त्यालगतचा प्रदेश हेच आहे. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी लोक आपल्या मृत आप्तांचे स्मरण करतात आणि त्यांच्या वाटेवर याच फुलांच्या पाकळ्या पसरतात. तेच फूल आपल्याकडे दाराच्या चौकटीवर, बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर आणि मुलांच्या पाटीपूजनात येऊन बसले आहे. भूगोलाचा नकाशा उघडण्यास याहून चांगले निमित्त कोणते?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम दिनदर्शिकेचे आहे. बी पेरल्यापासून रोप लावणीस येईपर्यंत २५ ते ३० दिवस आणि लावणीनंतर फुले येईपर्यंत ५० ते ६० दिवस लागतात. शेंडा खुडल्यास आठ-दहा दिवस अधिक धरावेत. म्हणजे दसऱ्यापूर्वी सुमारे ९० दिवस आणि हाताशी थोडी सवड, असा हिशेब होतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आणि २०२६ साली २० ऑक्टोबरला. अंतर १८ दिवसांचे. २०२६ च्या दसऱ्यासाठी १० ते १५ जुलै या काळात पेरणी करावी लागते, तर आदल्या वर्षीच्या दसऱ्यासाठी ती जूनच्या शेवटच्या आठवड्यातच व्हावयास हवी होती. हा हिशेब शिक्षकाने फळ्यावर तयार लिहून देऊ नये. मुलांकडूनच मागे मोजून घ्यावा. महिन्यांचे ३० व ३१ दिवस, वजाबाकी आणि अधिक महिन्यामुळे सण का पुढे जातो, हे सर्व त्यात आपोआप येते.

रोपांसाठी नारळाची करवंटी किंवा पत्र्याचा लहान डबा पुरेसा आहे. तळाशी भोक असलेच पाहिजे. चाळलेली माती व कुजलेले शेणखत भरून बी बोटभर अंतरावर आडवे ठेवावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. मुलांचा उत्साह पाण्याच्या बाबतीत फार असतो आणि नेमके त्यामुळेच रोपे दगावतात. माती सदैव चिकचिकीत राहिली की कोवळे रोप बुडाशी काळपट होऊन आडवे पडते. प्रत्येक मुलास पाच-सहा बिया द्याव्यात, म्हणजे एखाद-दुसरे रोप गेले तरी मूल निराश होत नाही.

रोपास चार-पाच खरी पाने आली की सायंकाळी ऊन उतरल्यावर लावणी करावी. ज्याच्या घरी अंगण आहे त्याने जमिनीत लावावे. उंच जातीस दीड फूट व बुटक्या जातीस एक फूट अंतर ठेवावे. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून सपाटीवर न लावता वरंब्यावर लावावे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी आपण विसरलेलो नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या झाडाची मुळे कुजतात, हे मुलांनीही आपापल्या शेतांत पाहिले आहे. कोंबड्या माती उकरतात, त्यासाठी भोवती बाभळीच्या काट्या रोवाव्यात.

ज्याच्या घरी अंगण नाही त्याने तेलाचा रिकामा डबा आडवा अर्धा कापून घ्यावा. कापण्याचे व तळाशी तीन-चार भोके पाडण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. भोकांवर खापरीचे तुकडे ठेवून दोन वाटे माती, एक वाटा कुजलेले शेणखत व एक वाटा वाळू, असे मिश्रण भरावे. डबा कोठे ठेवावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. झेंडूस दिवसाचे निदान सहा तास ऊन हवे. सावलीत तो उंच व बारीक वाढतो आणि फुले कमी देतो. घराच्या कोणत्या बाजूस किती वेळ ऊन असते, हे मुलाने एक दिवस तासातासाने पाहून मगच जागा ठरवावी.

लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी, मधल्या शेंड्यावर कळी दिसण्यापूर्वी, तो शेंडा खुडावा. मुलांना हे क्रूरपणाचे वाटते. त्यांना आधी कारण सांगण्याऐवजी प्रयोग करून पाहू द्यावा. शेजारच्या दोन मुलांपैकी एकाने खुडावा व दुसऱ्याने तसाच ठेवावा. न खुडलेले झाड आधी फुलते. खुडलेल्या झाडास बगलेतून फांद्या फुटतात, ते उशिरा फुलते, पण फुले अधिक देते. दोघांच्या वह्या वर्गात शेजारी ठेवल्या की विज्ञानाचा पाठ झाला.

पुढची निगा साधी आहे. मातीत बोट खुपसून ओल पाहावी आणि वरचा थर कोरडा असेल तरच बुडाशी पाणी द्यावे. महिन्यातून एकदा मूठभर शेणखत पुरे. नत्र जास्त झाले तर झाड नुसते पानांनी माजते. उंच झाडास काठीचा आधार द्यावा. सुकलेली फुले वेळच्या वेळी काढावीत, म्हणजे नव्या कळ्या येत राहतात. पावसाने उघडीप दिली व हवा कोरडी झाली की पानांच्या मागे बारीक लाल कोळी दिसतात; पाने निस्तेज होतात आणि त्यांवर सूक्ष्म जाळी धरते. अशा वेळी पानांच्या मागील बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा मारावा व फार बिघडलेली पाने तोडावीत. लहान मुलांच्या हाती कीटकनाशक मुळीच देऊ नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. झेंडू लावला की सर्व कीड पळते, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान मुलांना असेच्या असे शिकवू नये. खरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. टोमॅटोवरील फळ पोखरणाऱ्या अळीच्या मादीस झेंडूची फुले आकर्षित करतात आणि ती तेथे अंडी घालते. यास्तव शेतकरी झेंडू सापळा पीक म्हणून लावतात. झेंडूचे रोप सुमारे ४५ दिवसांचे व टोमॅटोचे सुमारे २५ दिवसांचे असताना लावणी केली, तर दोन्ही पिके एकाच सुमारास फुलावर येतात. झेंडूच्या मुळांतील द्रव्यामुळे जमिनीतील सूत्रकृमींनाही काही प्रमाणात आळा बसतो. म्हणजे एके ठिकाणी झेंडू किडीस बोलावतो, तर दुसरीकडे तिला रोखतो. आणि लाल कोळी तर त्याच्याच पानांवर राहतात. अर्धवट ऐकलेले वाक्य पडताळून पाहण्याची सवय मुलांस लागावी, ही या पाठाची खरी कमाई होय.

आता वहीविषयी. रोज लिहावयास लावू नये. आठवड्यातून दोन नोंदी पुरेत. तारीख, उंची, पानांची किंवा कळ्यांची संख्या आणि एक वाक्य. ते वाक्य मुलाचे स्वतःचे असावे. एका शाळेत तिसरीतील मुलाच्या वहीत मी पुढील नोंद वाचली : "पाणी घालायचं विसरलो. पानांनी मान टाकली होती. रात्री घातलं. सकाळी उठलं." शिक्षकांनी त्या भाषेत एकही अक्षर दुरुस्त केले नव्हते, शेजारी फक्त तारीख व सही होती. त्या मुलाने निरीक्षण केले होते, कारण व परिणाम जोडला होता आणि चूक न लपवता लिहिली होती. वही तपासताना झाड जगले की मेले, यावर शेरा देऊ नये. झाड मेल्यावर मुलाने काय पाहिले व कारण काय मानले, ते विचारावे. मेलेल्या झाडाच्या जागी दुसऱ्याचे झाड दाखविण्याचा मोह मुलास पडू नये, एवढा विश्वास वर्गात असला पाहिजे.

फूल आल्यावर ते एकदा वर्गात उलगडून पाहावे. ज्यास आपण एक फूल म्हणतो, तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. ज्यास पाकळी म्हणतो, ते स्वतंत्र फूल असते. सूर्यफूल, शेवंती व करडई याच कुळातील. पूर्ण वाळलेले बोंड उघडले की काळ्या, सुईसारख्या बारीक बिया निघतात. त्यांच्या टोकास फिकट तुरा असतो. त्या सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात व पुडीवर नाव आणि तारीख घालावी. संकरित जातीचे बी धरल्यास पुढील पिढी हुबेहूब तशीच येत नाही, हेही मुलांस सांगावे, म्हणजे वेगळे फूल आले तर ती फसवणूक वाटणार नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुले नातलगांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पुष्कळशी आईबापांबरोबर गाडीत बसतात. दसऱ्यापूर्वी फूल यावे, असा जो हिशेब आपण केला, त्यामागे सणाइतकेच हेही कारण आहे. जाणाऱ्या मुलाने आपल्या झाडाचे फूल पाहूनच जावे. मागे राहणारे झाड शेजारच्या वर्गबंधूकडे सोपवावे आणि त्याची नोंद दोघांच्याही वहीत करावी. तो पाणी घालील, बी धरील व निम्मे बी पुडीत जपून ठेवील. जाणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड असते. त्याबरोबर त्याची वहीही द्यावी. पाचटाच्या कोपीजवळ उसाची उंची तो त्याच वहीत लिहू शकेल. परत येणाऱ्या मुलास वर्गात आपली जागा राहिली आहे की नाही, ही भीती असते. त्याच्या नावाची पुडी फळ्याशेजारी टांगलेली असेल, तर ती भीती काही अंशी तरी कमी होईल.

ज्यांच्या घरी दसरा साजरा होत नाही, अशी मुलेही आपल्या वर्गांत आहेत. फुलाचे काय करावयाचे ते त्यांच्या घरच्यांनी ठरवावे. कोणी तोरणात ओवील, कोणी आजीच्या हाती देईल, कोणी झाडावरच राहू देईल.

शेवटी आपणांस आश्वासन देतो की, या उपक्रमासाठी मी कोणतेही प्रपत्र काढणार नाही आणि छायाचित्रे मागविणार नाही. पुढील शाळाभेटीत मी मुलांच्या वह्या वाचीन आणि वेळ मिळाल्यास एखाद-दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन त्याचे झाड पाहीन. बी आणण्यासाठी खर्च फार नाही. गावातील एका अंगणातील वाळलेली दहा बोंडे एका वर्गास पुरतात. ती आजच मागून ठेवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.