भात कापल्यावर
चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला रस्ता जातो. दिवाळी सरली की या वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याची कुटुंबं येतात. भात, नाचणी, वरई कापून झाली, की गावात काम उरत नाही. मुलाबाळांसकट बिऱ्हाड उठतं, शाळा सुटते.

यावर जव्हार भागात रुजलेला उपाय म्हणजे वाडी. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने १९८२ साली गुजरातेत वांसद्याला ती सुरू केली. एकरभर वरकस जमिनीत आंबा-काजू, मधल्या जागेत भाजीपाला. पण आंबा हाती यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर खायचं काय? तिथे मोगरा कामी आला. पहाटे कळ्या खुडायच्या, त्याच दिवशी बाजारात पोचवायच्या. मात्र मोगऱ्याला उन्हाळी पाणी हवं. म्हणून माझा आग्रह आहे: आधी बंधारा बांधा, रोपं मग वाटा.