आठवीनंतरचे ताट



कुपोषण म्हटले की आपल्याला मेळघाटातील खंगलेले बालक आठवते. पण येरवड्याच्या वस्तीतील किंवा मुळशी-मावळच्या खेड्यातील पंधरा वर्षांची मुलगी, जी शाळेत जाते, पाणी भरते, हसते-बोलते, तीही कुपोषित असू शकते, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना आणि १०० मुलांपैकी ३१ जणांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक मुली यात मोडतात. शहरेही यातून सुटलेली नाहीत.

या वयात उंची वाढते, मुलींची पाळी सुरू होते. आम्ही बँकेतील माणसे. दरमहा रक्कम निघते पण भरणा होत नाही, अशा खात्याचे काय होते ते आम्ही जाणतो. मुलींच्या शरीरातील लोहाचे तेच होते.

आणि नेमका याच वेळी भरणा थांबतो. शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. नववीत पाऊल पडताच ते ताट बंद होते. घरी मुलगी सर्वांच्या शेवटी जेवते, दुपारी वडापावावर भागवते. मग गुण कमी पडले की अभ्यासात लक्ष नाही म्हणून बोलणी खाते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ साली जिल्ह्यातील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली गरोदर मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. तेव्हा उद्याच्या बाळाची तयारी आजच्या मुलीच्या ताटापासूनच करावी लागते.

आळवी गावच्या भुकेल्या शेतकऱ्याला भगवान बुद्धांनी आधी जेवू घातले व नंतर उपदेश केला, अशी धम्मपदाच्या अट्ठकथेत कथा आहे. आपण गुणवंतांना वह्या-पुस्तके देतो, ते चांगलेच आहे. त्याबरोबर वर्षातून एकदा सर्व विद्यार्थ्यांचे हिमोग्लोबिन तपासावे. मुलींमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर दवाखाना गाठावा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकून देऊ नये. मोड आलेली मटकी, हरभरे, पालेभाजी, वर लिंबू आणि जमेल तेव्हा अंडे, एवढे तरी ताटात असावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये.

आणि माता-पित्यांनो, आज रात्री मुलीचे ताट मुलाच्या ताटाबरोबरच वाढा. त्याला कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

जय भीम!