आपल्या मागची खाडी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात आपण काही जण मोठागावच्या रेतीबंदरापासून खाडीकाठाने फिरून आलो. त्याविषयी बोल, असं मला सांगण्यात आलंय. डोंबिवलीत पंचवीस वर्षं काढूनही खाडी म्हणजे आपल्याला काय? दिवा-वसई गाडीच्या खिडकीतून दिसणारं पाणी, आणि पावसाळ्यातला वास. एवढंच.

दिवस ठरवताना पहिला वाद झाला. कुणी म्हणालं रविवार, कुणी म्हणालं सुट्टी. आम्हाला वाट दाखवायला आलेले मोठागावचे आगरी काका म्हणाले, आधी तिथी बघा. त्यांचा हिशोब सोपा आहे. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीचा तास मिळतो. द्वितीयेला दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आपण समुद्रापासून बरेच आत, त्यामुळे इथे पाणी आणखी थोडं उशिरा ओसरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची तिथी असल्याने ओहोटीही खोल, चिखल छान उघडा. शेवटी द्वितीयेचा रविवार मिळाला आणि सकाळी साडेसातला आम्ही निघालो.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्या मागची खाडी म्हणजे ठाण्याची, फ्लेमिंगोवाली खाडी नव्हे. ही उल्हास नदीची खाडी. राजमाचीच्या दरीतून निघालेली उल्हास कल्याणला काळू नदीला घेते, आपल्या मागून जाते आणि घोडबंदरला वळसा घालून वसईला समुद्रात मिळते. ठाण्याजवळ तिचा एक चिंचोळा फाटा ठाणे खाडीला जोडलेला आहे. ऐरोलीकडच्या त्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. आपली खाडी त्यात येत नाही. म्हणून तिच्याकडे बघायला कुणी दुर्बीण घेऊन येत नाही, हे मला जरा खटकतं.

आता झाडं. काठावर बहुतेक तिवर दिसतो. चौथीतल्या एका मुलीला पान चाटायला सांगितलं, तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. खारट! तिवर खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. मधेमधे मारांडीची काटेरी पानांची झुडपं होती. पण सर्वांत नवल वाटलं ते तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून उभ्या असलेल्या शेकडो पेन्सिलींचं. ती श्वासमुळं. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाड मुळांची टोकं वर काढून श्वास घेतं. दोन भरत्यांच्या मधल्या वेळेत त्याचा श्वासोच्छ्वास चालतो. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून जमिनीवर चालणारा हा प्राणी ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. काकांच्या डोळ्यांत त्यांना पाहून वेगळीच चमक आली. निवट्यांचं कालवण काय लागतं ते आगरी-कोळी घरात जेवलेल्यालाच ठाऊक.

काकांनी रेतीचंही सांगितलं. ड्रेजर येण्याआधी डुबी लावून रेती काढत. माणूस बादली घेऊन खाली जायचा आणि श्वास धरून भरून आणायचा. रेतीबंदर हे नाव त्या धंद्यावरून पडलं. आपल्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये कुठल्या खाडीची रेती आहे कुणास ठाऊक.

इतिहासावर मी जास्त बोललो तर घरचे मंडळी उठतील. तरी एक सांगतोच. इथून वर कल्याणला जे बंदर होतं, त्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं त्यात लिहिलंय. म्हणजे व्यापाराची चढाओढ तेव्हाही होती. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. दुर्गाडी त्याच काठावर उभा आहे. मग १ मे १८५४ ला ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आली आणि आपण सगळे खाडीकडे पाठ करून स्टेशनकडे तोंड करून बसलो.

आता जे बोलायचं आहे ते बोलतो. थोडं पुढे गेल्यावर तिवरांचा एक पट्टा वाळलेला दिसला. कुऱ्हाडीचा घाव कुठेच नव्हता. झाडं उभी होती, पण पानं नव्हती. जवळ गेल्यावर कळलं, श्वासमुळं दिसतच नव्हती. त्यांच्यावर राडारोडा पसरला होता. विटा, प्लास्टर, कमोडचे तुकडे, टाइल्स. झाड मारायला तोडावं लागत नाही, नाक दाबलं की पुरतं. तीच चौथीतली मुलगी एक निळी टाइल उचलून म्हणाली, “ही आजीच्या जुन्या बाथरूमसारखी आहे.” कुणी काही बोललं नाही.

कायदा नाही असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांची तोड आणि त्यांतला भराव थांबवला, २०१८ च्या निकालात भोवतालची ५० मीटर जागाही राखायला सांगितली. बांधकामाच्या राडारोड्यासाठी २०१६ पासून नियम आहेत. पण रात्री एक वाजता डंपर कुठे रिकामा होतो, हे नियम बघायला जात नाहीत. २६ जुलै २००५ चं पाणी ए विंगमधल्या तळमजल्याच्या मंडळींना आठवतंच. नदी भरून आलेली, खाडीत भरती, आणि पाण्याला पसरायला जागा हवी. ती जागा हीच.

दिवाळीनंतर आपल्याकडे मोठी दुरुस्ती निघते आहे. तिन्ही विंगचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, शिवाय वीस-बावीस घरांत टाइल्स बदलायच्या आहेत. टेंडरमध्ये राडारोडा उचलण्याची एकच ओळ आहे: ‘कंत्राटदार विल्हेवाट लावेल’. माझी सूचना अशी की, माल महापालिकेने ठरवलेल्या ठिकाणीच टाकावा, प्रत्येक गाडीची पावती आणावी, आणि पावती मिळाल्याशिवाय बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नये. दर थोडा वाढेल. खजिनदार साहेब माझ्याकडे बघताहेत, ते मला दिसतंय. ठराव लेखी दिला आहे, अनुमोदक दोन मिळालेत, सर्वसाधारण सभेत मतदानाला येईल.

पुढचा फेरफटका कार्तिक वद्य द्वितीयेच्या जवळच्या रविवारी. जुने बूट घाला, चपला चिखलात राहतात. नावं वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत लिहा, पंचवीसच जणांना नेता येईल. काका येणार आहेत.