राखीव गडी



अमरावतीच्या राजकमल चौकात संध्याकाळी चहा घ्यायला थांबलं, की गेली दोन-तीन वर्षं अमरावतीच्याच यष्टिरक्षक जितेश शर्माबद्दल एक वाद हमखास कानावर येतो. "काहून नाही घेत जितेशले?" एक जण विचारतो. "घेतला अन् फसला त?" दुसरा म्हणतो. तिसरा वैतागून म्हणतो, "अरे बाप्पा, खेळूच नाही दिलं त फसते का जमते, समजन कसं?"

या तीन वाक्यांत सगळा पेच आला. खेळल्याशिवाय खेळाडू सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाल्याशिवाय त्याला खेळवत नाहीत. कबड्डी-खोखोच्या मैदानावर ज्याला आपण राखीव गडी म्हणतो, त्याला आता खेळवावं का, आणि ते ठरवावं कसं, हा आजचा विषय. मी हा वाद आयुष्यभर घातला आहे आणि त्याची एक बाजू मला बरीच उशिरा उमगली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात अकोल्यापासून करू. २०१७ च्या डिसेंबरात विदर्भाचा संघ प्रथमच रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. १९५७-५८ पासून आपण ही स्पर्धा खेळत होतो, म्हणजे तिथवर जायला साठ वर्षं लागली. समोर दिल्ली, सामना इंदूरच्या होळकर मैदानावर. आणि नेमका तेव्हाच विदर्भाचा वेगवान गोलंदाज उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला. त्याची जागा भरायची कुणी? प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फझल यांनी चेंडू दिला तो अकोल्याच्या आदित्य ठाकरेकडे. वय १९ वर्षं, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेला नाही. पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात!

त्या पोरानं दिल्लीचा सलामीवीर कुणाल चंडेला याला शून्यावर बाद केलं. पुढं रजनीश गुरबानीनं हॅट्‌ट्रिकसह सहा बळी घेतले, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. त्याच महिन्यात आदित्यला न्यूझीलंडमध्ये सुरू असलेल्या १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात बोलावणं आलं. त्या दिवसांची आठवण निघाली की माझा आवाज अजून भरून येतो.

आता हे उदाहरण देऊन चौकातला माणूस म्हणतो, "पाहा, नव्या पोराले संधी दिली की असं होते." इथं मात्र मला थांबावं लागतं. संघात त्या दिवशी आणखी चार गोलंदाज होते: गुरबानी, सिद्धेश नेरळ, अक्षय वखरे आणि आदित्य सरवटे. नवा मुलगा बावरला असता, त्याला मार पडला असता, तर फझलनं त्याच्या हातून चेंडू काढून घेऊन दुसऱ्याला दिला असता. धोका होता, पण वाटून घेता येण्यासारखा. आपला शेतकरी नवं बियाणं असंच लावतो. सगळं वावर नव्या वाणाखाली टाकत नाही. नेहमीच्या पऱ्हाटीशेजारी दोन तासं नव्या वाणाची लावतो आणि बोंडं कशी धरतात ते पाहतो.

यष्टिरक्षकाचं तसं नसतं. अकरा जणांत यष्टींमागं एकच माणूस उभा राहतो. त्याला दोन षटकं देऊन पाहू, असं करता येत नाही. दिलं तर सगळं वावर द्यावं लागतं. म्हणून राखीव यष्टिरक्षकाचा वाद हा राखीव गोलंदाजाच्या वादापेक्षा नेहमीच कडवट होतो.

असाच वाद अमेरिकेत घरोघरी चालतो. त्यांचं फुटबॉल म्हणजे आपलं पायानं खेळायचं नव्हे, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं आणि फेकायचं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, चेंडू कुणाकडे फेकायचा ते तो क्षणात ठरवतो, आणि ती जागा एकाचीच. २००१ च्या सप्टेंबरात न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला आणि टॉम ब्रेडी नावाचा राखीव मुलगा मैदानात आला. आदल्या वर्षीच्या खेळाडू निवडीत त्याच्याआधी १९८ नावं पुकारली गेली होती. त्यानंतर ब्लेडसो बरा होऊन परतला, तरी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच ठेवलं, आणि त्या मोसमाचं विजेतेपद त्या संघानं पटकावलं. तेव्हापासून तिकडचे चाहते प्रत्येक राखीव गड्यात ब्रेडी शोधतात. जे राखीव गडी आले, चाचपडले आणि गेले, त्यांची नावं कुणी घेत नाही. शेतात जे उगवलं तेच डोळ्याला दिसतं, जे मातीतच कुजलं ते दिसत नाही. आपणही इंदूर आठवताना हेच करतो.

आता आपल्या जितेश शर्माकडे येऊ. जन्म अमरावतीचा, १९९३ चा. २०१६ आणि २०१७ असे दोन आयपीएल मोसम तो मुंबई इंडियन्सच्या संघात होता, सामना एकही मिळाला नाही. पुढची संधी थेट २०२२ मध्ये, पंजाबकडून. चेन्नईविरुद्ध पहिल्याच सामन्यात १७ चेंडूंत २६ धावा. इकडे विदर्भाच्या रणजी संघात यष्टींमागची जागा अक्षय वाडकरनं पक्की केली होती, तोच पुढं कर्णधारही झाला. म्हणजे घरीसुद्धा जितेशच्या वाट्याला आलं ते मुख्यतः मर्यादित षटकांचं क्रिकेट. २०२५ मध्ये तर तो बडोद्याच्या संघात गेला.

भारतीय संघातलं पहिलं बोलावणं जानेवारी २०२३ चं, तेही यष्टिरक्षक संजू सॅमसन जखमी झाला म्हणून. पदार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत. मग जानेवारी २०२४ नंतर एकवीस महिने तो भारताकडून एकही ट्वेंटी-२० सामना खेळला नाही. संघाच्या यादीत अधूनमधून नाव असायचं, अकरांत नसायचं. कारण त्याच काळात, २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सॅमसननं सलामीला येऊन तीन शतकं केली.

इथं नीट लक्ष द्या. २०२५ च्या आशिया चषकासाठी शुभमन गिल ट्वेंटी-२० संघात परत आला आणि सलामीला उभा राहिला. त्यामुळं सॅमसन मधल्या फळीत सरकला. ती जागा त्याची नव्हे. पाच-सहा क्रमांकावर येऊन पहिल्या चेंडूपासून मारायचं, हे काम जितेशचं. म्हणून आधी ऑस्ट्रेलियात होबार्टला, मग डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, हातमोजे जितेशकडे आले. होबार्टला त्यानं १३ चेंडूंत नाबाद २२ करून सामना संपवला. आणि २० डिसेंबर २०२५ ला ट्वेंटी-२० विश्वचषकाचा संघ जाहीर झाला तेव्हा गिललाच वगळलं होतं. सॅमसन पुन्हा सलामीला, आणि दुसरा यष्टिरक्षकही वरच्या फळीतला, इशान किशन. जितेशचं नाव नाही.

तो आत आला ते गिल आला म्हणून, बाहेर गेला ते गिल गेला म्हणून. दोन्ही वेळा निर्णायक गोष्ट त्याच्या बॅटमध्ये नव्हतीच. चौकात आपण विचारतो, "दोघांत चांगला कोण?" संघ निवडणारे विचारतात, "रिकामी जागा कोणती?" मला उशिरा उमगलेली बाजू ती हीच. इतकी वर्षं मी गड्यांची तुलना करत बसलो आणि जागेकडे पाहिलंच नाही.

मग निवड समिती बरोबर होती का? यष्टिरक्षक वरच्या फळीतला हवा, हे एकदा ठरलं की पुढचं सगळं ओघानं येतं, हे मला मान्य आहे. वाईट वाटलं तरी मान्य आहे. मान्य नाही ते त्याआधीचं. एकवीस महिने बाकावर बसवायचं, मग दोन मालिकांत मोजके सामने द्यायचे आणि त्याला पारख म्हणायचं, हे बरं नव्हे. शेवटच्या षटकांत येणाऱ्या फलंदाजाला एका डावात आठ-दहा चेंडू मिळतात. अशा मोजक्या डावांतून काय कळणार? पहिल्याच चेंडूवर उंच मारायला गेला आणि झेल गेला, तर सरासरी कोसळते, पण त्यानं काम चुकीचं केलं असं होत नाही. तेच त्याचं काम आहे. सलामीवीराला मोजायची पट्टी इथं चालत नाही. त्याची सरासरी बघू नका, तो आला तेव्हा किती चेंडूंत किती हवे होते आणि तो गेला तेव्हा किती उरले, ते बघा. आणि त्यासाठी सलग दहा-बारा सामने द्यावे लागतात, एक आत दोन बाहेर करून भागत नाही.

त्याला असे सलग सामने मिळाले तेव्हा काय झालं, ते २०२५ च्या आयपीएलमध्ये तो बंगळुरूकडून खेळताना दिसलं. २७ मे रोजी लखनौत २२८ धावांचं आव्हान होतं, त्या दिवशी संघाचं नेतृत्वही त्याच्याकडेच होतं, आणि त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या. ही खेळी सगळ्यांच्या लक्षात आहे. मला मात्र आठवडाभरानंतरचा अहमदाबादचा अंतिम सामना जास्त आठवतो. बंगळुरूच्या धावा अडखळत होत्या आणि हा सहाव्या-सातव्या नंबरचा माणूस खेळायला आला. दहा चेंडू खेळला. चोवीस धावा करून त्रिफळाचीत झाला, मान खाली घालून परत गेला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्या चोवीस धावांना एखाद-दुसरी ओळ मिळाली असेल. बंगळुरूनं तो सामना सहा धावांनी जिंकला.